रेट्रो गेम कन्सोल घेताय? आधी स्क्रीनचे गणित समजून घ्या

यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानापासून ऑनलाइन बाजारापर्यंत हातात मावणारे जुने व्हिडिओ गेम पुन्हा दिसू लागले आहेत. जाहिरात होते ती 'दहा हजार गेम'ची. पैसे वसूल होतात की वाया जातात, हे मात्र बरेचसे स्क्रीनवर ठरते.

खोपोलीजवळच्या साजगावात कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. संत तुकाराम मिरचीच्या व्यापारासाठी या भागात येत, अशी इथली आख्यायिका आहे. सुक्या बोंबलांचा बाजार ही या यात्रेची खरी ओळख. पण यात्रा म्हटली की खेळण्यांची दुकाने आलीच, आणि अशा दुकानांत आता पिपाणी आणि प्लास्टिकच्या गाड्यांशेजारी बटनांचे व्हिडिओ गेमही टांगलेले असतात. काही शे रुपयांत '४०० इन १'. दुसरीकडे, खालापूर-कर्जत पट्ट्यातले कारखान्यांत नव्याने लागलेले तरुण लहानपणीचे गेम पुन्हा खेळण्यासाठी तीन-चार हजारांपासून पुढे किमती असलेली यंत्रे ऑनलाइन मागवत आहेत. मुलाच्या हातातला मोबाइल सुटावा म्हणून असा गेम घेणारे पालकही आहेत. दिसायला ही सगळी यंत्रे सारखीच. मग किमतीत इतका फरक का? आणि पैसे नेमके कशाचे मोजायचे?

रेट्रो हँडहेल्ड म्हणजे नेमके काय?

बाजारात या एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, 'ब्रिक गेम'. नव्वदच्या दशकात घराघरांत असलेला, विटा रचायचा करडा पडदा. दुसरी, 'एसयूपी ४०० इन १' या धर्तीचे रंगीत यंत्र. टीव्हीला जोडायच्या जुन्या आठ-बिट कॅसेट गेमची नक्कल एका चिपमध्ये बसवलेली असते. तिसरी, एम्युलेटर कन्सोल. हा खरे तर छोटा संगणक असून त्यावरचे सॉफ्टवेअर वेगवेगळ्या जुन्या यंत्रांची सोंगे घेते. ॲनबर्निक, मियू, पॉवकिडी, ट्रिमयूआय, रेट्रॉइड ही यातली प्रसिद्ध नावे. चौथी, खरीखुरी जुनी यंत्रे. म्हणजे सेकंडहँड बाजारातले गेमबॉय ॲडव्हान्स किंवा सोनीचे पीएसपी.

जुन्या गेमबॉयचा पडदा कसा होता?

एप्रिल १९८९ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डो गेमबॉयचा पडदा १६० बाय १४४ बिंदूंचा होता. रंग नाहीत, फक्त चार छटा. मागे दिवाही नाही. म्हणजे खोलीतला उजेड पडद्यावर पडून परत येईल तेवढेच चित्र दिसे. चित्र हलले की मागे पुसट शेपूट राही.

त्याच काळात अटारीने लिंक्स आणि १९९० मध्ये सेगाने गेम गिअर आणला. दोन्हींचे पडदे रंगीत आणि मागून उजेड देणारे. तरीही गेमबॉय आणि त्याचे रंगीत भावंड मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक विकले गेले. गेम गिअरचा आकडा एक कोटीच्या आसपास राहिला. कारण साधे होते. गेमबॉय चार पेन्सिल सेलवर दहा-पंधरा तास सहज चाले. गेम गिअर सहा सेल घेऊन तीन ते पाच तासांत मान टाकी.

गेमबॉयमागचे निन्टेन्डोचे गुनपेई योकोई यांचे धोरणच ते होते. नवेकोरे महाग तंत्रज्ञान घ्यायचे नाही. रुळलेले, स्वस्त झालेले घ्यायचे आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक प्रवासी कॅलक्युलेटरची बटने दाबत बसलेला पाहून त्यांना १९८० च्या 'गेम अँड वॉच'ची कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

पुढच्या पिढ्यांत पडदा हळूहळू सुधारला. १९९८ च्या गेमबॉय कलरला रंग मिळाले, पण दिवा नाही. २००१ च्या गेमबॉय ॲडव्हान्सचा पडदा २.९ इंची, २४० बाय १६० बिंदूंचा; दिवा तेव्हाही नव्हता. २००३ च्या 'एसपी' मॉडेलला समोरून उजेड मिळाला आणि २००५ मधल्या सुधारित आवृत्तीत तो मागून आला. सेकंडहँड बाजारात 'एसपी'ची ही शेवटची आवृत्ती जास्त भाव खाते, ती केवळ पडद्यामुळे.

ब्रिक गेम आणि '४०० इन १' यांत फरक काय?

ब्रिक गेमच्या पडद्यावर १० बाय २० म्हणजे २०० चौकोन आधीच कोरलेले असतात. चिप फक्त कोणता चौकोन काळा करायचा ते ठरवते. म्हणून त्यात विटा, साप, गाडी, रणगाडा सगळे याच चौकोनांतून बनते. '९९९९ इन १' हा आकडाही तसाच. मूळ खेळ मोजकेच. वेग आणि सुरुवातीची मांडणी बदलून आकडा फुगवलेला. मात्र पडद्यामागे दिवा नसल्याने दोन पेन्सिल सेलवर हा गेम फार दिवस चालतो आणि भर उन्हातही स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात सेल आत विसरले की ते गळून पत्र्या गंजतात, एवढीच काळजी.

'४०० इन १' चा पडदा सुमारे तीन इंची आणि रंगीत. स्वस्त प्रकारचा असल्याने समोरून ठीक दिसतो. जरा तिरपे धरले की रंग उलटेपालटे होतात. दोघा भावंडांनी शेजारी बसून पाहायचे म्हटले तर एकालाच नीट दिसते. यादीतले बरेच गेम नाव बदलून पुन्हा आलेले असतात. खेळ अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करण्याची सोय बहुतेक यंत्रांत नसते.

६४० बाय ४८० या आकड्याला एवढे महत्त्व का?

एम्युलेटर कन्सोल घेताना इथेच खरा घोळ होतो. ॲनबर्निकचे आरजी ३५ एक्सएक्स, मियू मिनी प्लस आणि आर ३६ एस या तिन्हींचा पडदा ३.५ इंची, ६४० बाय ४८० बिंदूंचा आहे. कागदावर तिघे सारखे. प्रश्न असा की जुन्या गेमचे चित्र या पडद्यावर बसते कसे?

भिंतीला फरशा बसवण्यासारखे हे काम आहे. भिंतीच्या लांबीत पूर्ण फरशा बसल्या तर काम सुबक. नाही बसल्या तर कुठेतरी कापलेले तुकडे लावावे लागतात. जुन्या गेमचा एक बिंदू नव्या पडद्यावर दोन बाय दोन किंवा तीन बाय तीन अशा पूर्ण पटीत मोठा झाला तर चित्र धारदार राहते. पट अपूर्णांकात गेली की काही बिंदू जाड, काही बारीक होतात. स्थिर चित्रात ते खुपत नाही. पण पात्र धावू लागले आणि मागचे दृश्य सरकू लागले की भिंती, अक्षरे लहरताना दिसतात.

६४० बाय ४८० च्या पडद्यावर हे गणित असे पडते :

• प्लेस्टेशन १ चे बरेच गेम ३२० बाय २४० चे. बरोबर दुप्पट केले की पडदा काठोकाठ भरतो. उत्तम जोडी.

• आठ-बिट कॅसेटचे गेम २५६ बाय २४० चे. दुप्पट म्हणजे ५१२ बाय ४८०. उंची पूर्ण भरते, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. चालण्यासारखे.

• गेमबॉय आणि गेमबॉय कलर १६० बाय १४४. तिप्पट म्हणजे ४८० बाय ४३२. चौपट केले तर उंची ५७६ होते, ती बसत नाही. तिपटीतही चित्र तिरपे मोजल्यास २.८ इंच भरते, म्हणजे मूळ गेमबॉयपेक्षा मोठेच.

• गेमबॉय ॲडव्हान्स २४० बाय १६०. दुप्पट म्हणजे ४८० बाय ३२०, आणि चित्राचा आकार जेमतेम अडीच इंच. मूळ यंत्राच्या २.९ इंचांपेक्षाही लहान! रुंदी भरेपर्यंत ताणले तर पट २.६७ येते आणि चित्र लहरू लागते.

• पीएसपी ४८० बाय २७२. रुंदी भरली तरी चित्र सव्वातीन इंचांच्या आसपास राहते. मूळ पडदा ४.३ इंचांचा होता. शिवाय या किमतीच्या चिपवर पीएसपीचे हलके गेमच नीट चालतात.

थोडक्यात, जाहिरातीत 'गेमबॉय ॲडव्हान्स आणि पीएसपी चालते' असे लिहिले असते आणि ते खोटेही नसते. पण चालणे आणि नीट दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग कोणत्या गेमसाठी कोणता पडदा?

निर्मात्यांनाही हे गणित ठाऊक आहे. म्हणूनच एकाच कंपनीची इतकी मॉडेल दिसतात.

आरजी ३४ एक्सएक्स : ३.४ इंच, ७२० बाय ४८०. गेमबॉय ॲडव्हान्सच्या बरोबर तिप्पट. या एका यंत्राचे गेम प्रिय असतील तर यापेक्षा नेमका पडदा या किमतीच्या टप्प्यात सापडणे कठीण.

पॉवकिडी आरजीबी ३० : ४ इंच, ७२० बाय ७२० चा चौरस. गेमबॉय चौपटीत ६४० बाय ५७६, तर गेमबॉय ॲडव्हान्स तिपटीत पूर्ण रुंदीचे. सगळेच जुने गेम बरे दिसतात, पण यंत्र खिशात ठेवायला रुंद.

मियू मिनी : ६४० बाय ४८० च, पण २.८ इंचांत. बिंदू जवळजवळ असल्याने चित्र घट्ट दिसते. मात्र अक्षरे वाचायचे संवादप्रधान गेम असतील तर डोळे बारीक करावे लागतात.

ट्रिमयूआय ब्रिक : ३.२ इंच, १०२४ बाय ७६८. इंचाला ४०० बिंदू म्हणजे चांगल्या मोबाइलच्या तोडीचे. बिंदू इतके बारीक झाले की अपूर्णांकाचा दोषही नजरेला कमी जाणवतो.

रेट्रॉइड पॉकेट ५ : ५.५ इंचांचा ॲमोलेड, १९२० बाय १०८०. पीएसपी आणि त्यापुढच्या यंत्रांसाठी. चौकोनी चित्राच्या जुन्या गेमना मात्र दोन्ही बाजूंना जाड काळ्या पट्ट्या.

ॲनालॉग पॉकेट : ३.५ इंच, १६०० बाय १४४०. गेमबॉयच्या थेट दहापट. मूळ कॅसेट घालून खेळणाऱ्या हौशींसाठीचे हे यंत्र २०२१ च्या अखेरीस सुमारे २२० डॉलरना आले. त्यावर वाहतूक आणि आयात शुल्क वेगळे.

मोबाइल असताना वेगळे यंत्र कशाला?

साडेसहा इंची मोबाइल आडवा धरला तर पडद्याची उंची २.७ इंचांच्या आसपास भरते. चौकोनी चित्राचा जुना गेम त्यावर साधारण साडेचार इंचांचा दिसतो. उरलेली जागा काळीच. म्हणजे कागदावरचा साडेसहा विरुद्ध साडेतीन हा फरक प्रत्यक्षात साडेचार विरुद्ध साडेतीन एवढाच उरतो. ॲमोलेड असेल तर मोबाइलचे रंग बहुतेक स्वस्त कन्सोलपेक्षा चांगलेही असतात.

तोटा बोटांचा आहे. काचेवरची बटने न बघता दाबता येत नाहीत आणि उडी नेमकी चुकते. यावर मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ कंट्रोलर हा स्वस्त तोडगा आहे. वेगळे यंत्र घेण्याची खरी कारणे दोन : खरी बटने, आणि खेळताना न येणारे मेसेज व जाहिराती. मुलांसाठी घेणाऱ्या पालकांच्या दृष्टीने दुसरे कारण मोठे. साध्या कन्सोलमध्ये 'आणखी जीव हवेत तर पैसे भरा' असे कोणी म्हणत नाही. मात्र अँड्रॉइडवर चालणारे कन्सोल घेतले तर हा फायदा उरत नाही. तो एक मोबाइलच असतो.

उजेडाचाही विचार हवा. कर्जत-खोपोली लोकलच्या खिडकीशी बसून खेळायचे असेल तर मागून उजेड देणारा कोणताही स्वस्त पडदा दुपारी फिका पडतो. काच आणि पडदा यांत हवेची फट नसलेले, म्हणजे 'लॅमिनेटेड' पडदे त्यात बरे. फटीत धूळही शिरत नाही.

नव्या पडद्यावर जुना गेम विचित्र का दिसतो?

कारण तो गेम जुन्या पडद्याचे दोष धरून बनवलेला असतो. गेमबॉय ॲडव्हान्सचा मूळ पडदा अंधारा होता म्हणून अनेक गेमचे रंग मुद्दाम भडक ठेवले गेले. नव्या उजळ पडद्यावर ते डोळ्यांत खुपतात. तसेच पारदर्शक सावली दाखवण्यासाठी चित्र एका क्षणी दाखवायचे, दुसऱ्या क्षणी लपवायचे अशी युक्ती काही गेममध्ये आहे. जुना पडदा संथ असल्याने ते मिसळून जाई. नव्या वेगवान पडद्यावर तेच लुकलुकते. यंत्र खराब आहे असे समजून परत पाठवण्याआधी सेटिंगमध्ये रंगदुरुस्ती आणि 'फ्रेम ब्लेंडिंग' हे पर्याय पाहावेत. 'इंटिजर स्केलिंग' चालू केले की चित्र पूर्ण पटीतच मोठे होते.

सेकंडहँड पीएसपी घ्यावे का?

पीएसपी भारतात अधिकृतपणे विकले गेल्याने ते आजही मिळते. पहिल्या मॉडेलच्या पडद्यावर हलत्या चित्रामागे शेपूट दिसते. ३००० मॉडेलचे रंग सर्वांत चांगले. मात्र वेगवान दृश्यात बारीक आडव्या रेषा जाणवतात आणि तो या मॉडेलचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. खरेदी करताना मागचे झाकण उघडून बॅटरी हाताने तपासावी. जुन्या बॅटऱ्या फुगतात. झाकण वर आलेले दिसले तर ती वापरू नये. पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र लावून मेलेले बिंदू, पिवळे डाग पाहावेत.

फसगत कुठे होते?

एक, पडद्याच्या अदलाबदलीत. आर ३६ एस या एकाच नावाखाली वेगवेगळे पडदे बसवलेली यंत्रे आणि त्यांच्या नकला विकल्या जातात. दुसऱ्या पडद्यासाठीचे सॉफ्टवेअर कार्डात टाकले की यंत्र चालू होते, आवाज येतो, पण पडदा काळाच राहतो. म्हणून हाती आल्याबरोबर मूळ कार्डाची पूर्ण प्रत संगणकावर काढून ठेवावी. सोबत येणारी मेमरी कार्डे बहुधा हलक्या प्रतीची असतात आणि ती गेली की सारे सेव्ह केलेले खेळही जातात.

दोन, बॅटरीत. '४०० इन १' मध्ये बहुधा बीएल-५सी आकाराची बॅटरी असते, नोकिया ११०० मध्ये असायची तीच. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने याच प्रकारच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत तापण्याचा इशारा दिला होता, हे अनेकांना आठवत असेल. नामांकित कंपनीच्या बॅटरीत दोष निघू शकतो, तर नाव नसलेल्या बॅटरीबाबत जास्तच सावध राहायला हवे. इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ गेम आणि पोर्टेबल बॅटऱ्या या भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी यादीत येतात. खोक्यावर आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. क्रमांकच नसेल तर मुलाच्या हातात देऊन रात्रभर चार्जिंगला लावू नये.

तीन, 'दहा हजार गेम'मध्ये. या गेमवर कॉपीराइट असतो आणि कार्डात भरून दिलेल्या प्रती बहुधा परवान्याविना असतात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमची प्रत तो हरवू वा खराब होऊ नये यासाठी ठेवता येते. दुसऱ्याने कॉपी केलेले हजारो गेम विकत घेणे त्यात बसत नाही. त्यामुळे कार्डातल्या गेमचा आकडा पाहून जास्त पैसे मोजणे हा शुद्ध तोटा. स्वतंत्र निर्मात्यांनी जुन्या यंत्रांसाठी आजही बनवलेले मोफत आणि विकतचे गेम कायदेशीरपणे उपलब्ध आहेत.

चार, दुरुस्तीत. यातली बहुतेक यंत्रे चीनमधून आयात होऊन येतात आणि जवळपास सेवा केंद्र नसते. पडदा फुटला तर सुटा पडदा मागवून मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बसवणे हाच मार्ग उरतो. विक्रेता किती दिवसांत परत घेतो, हे पैसे भरण्याआधी लेखी पाहून घ्यावे.

शेवटी घ्यायचे कोणते?

आधी खेळायचे तीन गेम कागदावर लिहा आणि ते मूळ कोणत्या यंत्राचे ते पाहा. तिन्ही कॅसेट किंवा प्लेस्टेशन १ च्या काळातले असतील तर ६४० बाय ४८० पुरेसे. गेमबॉय ॲडव्हान्सचे असतील तर ७२० रुंदीचा पडदा शोधा. पीएसपीचे असतील तर आधी हातातल्या मोबाइलवर कंट्रोलर लावून पाहा. कदाचित वेगळ्या खर्चाची गरजच पडणार नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी घ्यायचे असेल तर ब्रिक गेम आजही सर्वांत निर्धोक. त्यात चार्जिंग नाही, इंटरनेट नाही, फुगणारी बॅटरीही नाही. '४०० इन १' घेणारच असाल तर दुकानातच चालू करून तो उजवीकडे, डावीकडे, वर, खाली तिरपा धरून पाहा आणि यादीतले शेवटचे दहा गेम उघडून बघा. पडदा छोटा की मुले तो डोळ्यांजवळ नेतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायची सवय लावावी.